ढोलकीत राहिलेला आवाज

आधी तिला ढोलकी ओळखू आली. भागीरथी सोसायटीच्या फाटकाशी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसली होती. आत आवारात कुणाच्या तरी हळदीचा मांडव होता आणि तिथल्या मोठ्या बॉक्समधून सकाळपासून सिनेमातली गाणी चालली होती. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. सेक्टरातल्या लग्नांशी तिचा संबंध मेथी-कोथिंबिरीपुरता. पण मध्येच कॅसेट बदलली, थोडी खरखर झाली, ढोलकी सुरू झाली, आणि तिचा पाण्याचा हात हवेतच राहिला. डाव्या हाताची थाप पडत होती ती पुरी पडत नव्हती. शेवटाला किंचित घसरत होती, पायरी चुकलेला माणूस सावरतो तशी. असा हात आसपासच्या गावांच्या साऱ्या पट्ट्यात एकाच माणसाचा. दत्तूचा. कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या डाव्या अनामिकेचं पेर गेलं, तेव्हापासून त्याची थाप अशी घसरत बसते, आणि लोक म्हणतात, पेर गेलं तेव्हाच त्याची ढोलकी गोड झाली. भागीरथीला क्षणभर बरं वाटलं. परक्या रस्त्यात आपल्या आळीतलं माणूस भेटावं तसं. मग एका मुलीचा आवाज आला, बारीक, साखरेत घोळलेला.

वटीन घालते तांदूल, पदरान घालते मीठ, गो नवरी,
सासरचं कालवन अलनी, तू चव घेऊन जा.

तिनं तांब्या खाली ठेवला. तो नीट बसला नाही, कलंडला, आणि पाणी गोणपाटावरून तिच्या लुगड्याखाली गेलं तरी ती हलली नाही. हे गाणं कुठल्याही मांडवात कधी म्हटलं गेलं नव्हतं. तिनं म्हटलं नव्हतं, आणि तिच्याशिवाय ते म्हणणारं कुणी नव्हतंच, कारण ते तिनंच जोडलं होतं. आणि त्यात 'गो नवरी' नव्हतं. 'गो जमुना' होतं. ती ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्याला ती मुलगी श्वास घ्यायला थांबली आणि त्या एवढ्याशा फटीतून, खालून, बंद दाराआडून कुणी बोलावं तसा आणखी एक आवाज आला. जाडा, घशात थोडा खरवडलेला. मुलगी पुन्हा सुरू झाली तरी तो तळाशी चालूच होता. वर ती मुलगी 'नवरी' म्हणत होती आणि खाली तो आवाज, अगदी त्याच जागी, 'जमुना' म्हणत होता. बॉक्स मोठा होता, चांगला होता, म्हणून ऐकू येत होतं. नाहीतर कुणाला कळलंही नसतं. आताही कुणाला कळत नव्हतंच. भागीरथीला कळलं, कारण तो आवाज तिचा होता.

ती उठली आणि फाटकातून आत गेली. मांडवाखाली पाटावर नवरी बसली होती, गाल हळदीनं माखलेले, आणि बायका गाण्यावर टाळ्या देत तिच्याभोवती फेर धरत होत्या. देशावरची माणसं असावीत. पावलं चुकत होती, पण आनंदात होती. नवरीही हसत होती. खांदे हलवत होती. हे बंद करा, म्हणावं असं भागीरथीच्या तोंडापर्यंत आलं. पण का, म्हणून विचारलं तर काय सांगायचं? एका बाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मावशी, भाजी नंतर हं. आता कुणाला वेळ नाहीये." ती मागे फिरली, शेजारच्या शहाळेवाल्याला टोपलीकडे बघायला सांगितलं आणि दत्तूच्या गावाच्या, शिरवण्याच्या वाटेला लागली.

ऊन चढलं होतं. नव्या इमारतींच्या रांगांमधून रस्ता सरळ, मोजून आखल्यासारखा जात होता. पूर्वी इथून शिरवण्याला जायचं म्हणजे बांधाबांधानं वळणं घेत जावं लागे. पाय वळायचे, तोंडात गाणं असायचं, आणि गाण्याची ओळ बांधाच्या वळणाशी संपायची. तिची बरीच गाणी चालतानाच जोडलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे जोडलेलं हरवायची भीती नव्हती. जे राहायचं ते राहायचं. ती धवलारीण होती. लग्नात मंत्रांच्या जोडीनं, ढोलकी-बिलकी काही न घेता, संथ सुरात धवला म्हणून लग्न लावून देणारी. ते तिला सासूनं, गिरजाबाईनं शिकवलं. धवला जुना, त्यात कानामात्रा बदलायची नाही. पण हळदीची, नाचाची गाणी ती स्वतः जोडायची, आणि तीही दत्तूच्या ढोलकीशेजारी बसून. गुडघा ढोलकीला टेकलेला असला, थाप हाडातून वर आली, की पुढची ओळ आपोआप यायची. ढोलकीपासून हातभर लांब बसवलं तर ती मुकी व्हायची. गिरजाबाई चेष्टेनं म्हणायची, "ही पोर तोंडानं गात नाय, गुडघ्यानं गातंय."

जमुनाचं गाणं तिनं पोरीचं लग्न ठरलं त्या थंडीत जोडलं. जमुना, तिची एकुलती मुलगी. नावडे गावचा मुलगा ठरला होता, सुपारी फुटली होती, आणि वैशाखात लग्न होतं. भागीरथी ओट्यावर मीठ चाळत होती आणि समोर दत्तू ढोलकीची दोरी आवळत बसला होता, उगाच ठेका धरून बघत होता. तेवढ्यात ओळ आली. आतून जमुनाचं हसणं ऐकू आलं. "आये, मीठ कनाला देतंस? सोनं दे की!" भागीरथी म्हणाली, "सोनं तुजा सासरा दील. मीठ कोन देनार नाय तुना." मग जमुना स्वतःच भांडी घासताना ते गाणं म्हणायची आणि 'अलनी' या शब्दाशी तोंड वाकडं करायची. वैशाख आलाच नाही. फाल्गुनात काविळीनं धरलं. घणसोली गावच्या वैदूचं औषध झालं, ठाण्याचं मोठं हॉस्पिटल झालं, आणि सगळं आठवड्यातच झालं. मातीला जमलेल्यांत एक बाई बोलून गेली, हळद लागायच्या आधीच पोर पिवळी झाली. त्या बाईशी भागीरथी अजून बोलत नाही.

आणि गाणं तिनं गिळलं. गिरजाबाईचं सांगणं होतं, न झालेल्या लग्नाचं गाणं दुसऱ्या मांडवात न्यायचं नाही. मेलेल्या नवरीचं गाणं जित्या नवरीच्या कानावर घालायचं नाही. घातलं तर काय होतं ते गिरजाबाईनं सांगितलं नव्हतं, आणि न सांगितल्यामुळेच ते सांगणं जड होतं. त्यानंतर पट्ट्यातल्या किती मांडवांत भागीरथीनं हळदीची गाणी म्हटली, आणि कितीदा दत्तूच्या बोटांतून नकळत तो ठेका सुटायला लागला. दर वेळी तो आपणच हात आखडायचा, तिच्याकडे न बघता ठेका बदलायचा. ते तिला फार मोठं वाटायचं. नवरा गेल्यावर, मुलगी गेल्यावर, आपलं दुखणं न विचारता ओळखणारं एवढंच माणूस उरलंय, असं वाटायचं.

हमरस्त्याशी पोचल्यावर ट्रकांची रांग सरेपर्यंत ती उभी राहिली. समोर कारखान्यांचा धूर. कॅसेटसाठी गाणी म्हटली त्या दिवसाचा वास तिला आठवला, ओल्या चुन्याचा. सितारामला नेरुळात नवी खोली मिळाली होती, अजून राहायला गेला नव्हता. सिताराम म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, पेटी वाजवणारा. ओळखीपाळखी त्याच्या फार. त्यानं दादरच्या कुठल्या कॅसेटवाल्यांचा नंदकुमार नावाचा माणूस आणला होता, यंत्र घेऊन. खिडक्यांना गाद्या बांधल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पंखा बंद, कारण त्याची घरघर यंत्रात उतरते. घामानं सगळे भिजलेले आणि तरी कसे खुशीत! नंदकुमार म्हणाला, "मावशी, या मशीनला चार वाटा आहेत. तुमचा आवाज एका वाटेनं, ढोलकी दुसरीनं, पेटी तिसरीनं. मग मागाहून पाहिजे ते वाढवायचं, नको ते काढायचं. तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत बसा, दार लावून." ती म्हणाली, "मग तूच गा आतल्या खोलीन बसून." सगळे हसले. सितारामनं समजावलं, ती ऐकेना. गुडघा ढोलकीला टेकवूनच बसली. नंदकुमारनं हात टेकले. "मग तुमचा आवाज ढोलकीच्या वाटेत शिरणार, मावशी." "शिरू दे. इतकी वर्सं तिकडंच तं शिरलाय."

असं कधी झालं नव्हतं. कुणाचं लग्न नाही, कुणाचा मुहूर्त नाही, घाई नाही. मनात येईल ते गाणं काढायचं, चुकलं तर हसायचं आणि पुन्हा धरायचं. मागे झील धरणाऱ्या धोंडूबाईनं भाकऱ्या आणि भाजलेले बोंबील आणले होते, आणि त्या वासावर खिडकीच्या जाळीशी कावळा येऊन ओरडायला लागला, अगदी गाण्याच्या मध्यात. सिताराम पेटी सोडून हुसकायला उठला तर नंदकुमार म्हणाला, "असू द्या, तालात ओरडतोय." धोंडूबाईला हसू आवरेना. तेही यंत्रात गेलं. नंदकुमारनं विचारलं, "रचना कुणाची म्हणून छापायचं?" भागीरथी म्हणाली, "लग्नाची गानी हायत, बाबा. कोनाची काय?" असंच बोलायचं असतं. स्वतः जोडलेल्या गाण्याला माझं म्हणणं म्हणजे स्वतःच्या ताटात स्वतःच वाढून घेणं. बाकीचे आपलं नाव सांगतील, असं तिला वाटलं होतं का? आता तिला आठवेना. सिताराम पेटीचा भाता सारखा करत होता आणि दत्तू बोटांना लागलेली ढोलकीची शाई पुसत होता, एवढं आठवलं.

जेवण झालं. सगळे भिंतीला टेकले. दत्तू अंगठ्यानं ढोलकीवर उगाच काही धरत होता, आणि हळूहळू ते तेच झालं. या वेळी त्यानं हात आखडला नाही. भागीरथीचा गुडघा टेकलेलाच होता. खोलीतली माणसं सगळी आपली, पोट भरलेलं, बाहेरचं जग गाद्यांच्या पलीकडे. आणि इतकी वर्षं गिळलेलं ते गाणं कुणी न मागता वर आलं. तिनं ते पुरं म्हटलं. 'गो जमुना' आलं तिथं प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा खाली बसत होता आणि दत्तूची थाप बरोबर तिथंच घसरून तिला धरत होती. धोंडूबाईनं झील दिली नाही. पान तोंडात तसंच धरून बसली. गाणं संपलं. मग भागीरथीनं पाहिलं, यंत्रावरचा तांबडा दिवा चालू होता. "ह्ये पुसून टाक," ती म्हणाली. "पुसतो, मावशी." "आत्ताच पूस." सिताराम म्हणाला, "पुसल गो भागीवयनी. घरचीच मानसं हाव ना आपुन?" आणि तिनं हट्ट सोडला, कारण ते खरं होतं. परक्यांसमोर ती गायलीच नसती. पुढे कॅसेट निघालीच नाही. सिताराम म्हणाला, कंपनीचं मन फिरलं. तिनंही विचारलं नाही. तो दिवस झाला, हेच तिला पुष्कळ होतं.

दत्तूच्या दारातही मांडवाचे बांबू उभे राहत होते. त्याच्या मुलीचं, पुतळाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि धवल्याला भागीरथीच जाणार होती. नारळ देऊन झाला होता. बॉक्सवाला वायरी ओढत होता. ती आळीत वळली तेव्हा तो ओरडून विचारत होता, "दत्तूशेट, हलदीला ती मिठाची लावू ना? सगलीकडं तीच चाललीय."

"ती नको!" आतून दत्तूचा आवाज आला. "ती सोडून कंची पन लाव. माज्या मांडवान ती नाय वाजली पायजे, आत्ताच सांगून ठेवतंय."

भागीरथी बांबूला धरून उभी राहिली. इथपर्यंत येताना तिनं मनाशी त्याच्यासाठी किती वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. त्याला माहीतच नसेल. सितारामनं परस्पर केलं असेल. नंदकुमारनं चोरून नेलं असेल. त्या सगळ्या वाटा त्या एका ओरडण्यानं बंद झाल्या. दत्तू बाहेर आला, तिला पाहिलं, आणि त्याचा तो अर्ध्या बोटाचा हात उगाच गळ्यातल्या टॉवेलाकडे गेला.

"वयनी? ये गो, बस. च्या टाकायला सांगतो."

"च्या नको. ती का नको, ते सांग."

तो ओट्याच्या कडेला बसला. बॉक्सवाला ऐकत होता, त्याला त्यानं मागच्या दारी पाठवलं. "सितारामनं नेलं होतं मना दादरला," तो म्हणाला. "नंदकुमार बोल्ला, गानं लय भारी हाय, पन आवाज म्हातारा हाय. असा आवाज कोन घेनार नाय. नवी पोरगी गाऊन घेतली."

"मी पुसायला सांगितलं होतं."

"व्हय."

"तुज्यासमोर सांगितलं होतं, दत्तू."

"व्हय गो. मी कुठं नाय बोलतंय?" त्यानं टॉवेलानं मान पुसली. "तुजा आवाज काढला त्यांनी. पन माज्या ढोलकीच्या वाटेन तू र्‍हायलीस. नंदकुमारनं लय खटपट केली, निघंनास. मना बोल्ला, म्हातारी खालून बोलतंय, तू ढोलकी परत वाजव, कोरी."

परत वाजवायला तो नाही म्हणाला असावा, हे तिला आतून हवंसं वाटायला लागलं, आणि ते हवंसं वाटणंच तिला लाजिरवाणं वाटलं. "मग तू नाय बोल्लास?" तिनं विचारलं. आवाज फार हळू निघाला.

दत्तूनं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो कधीच खोटं बोलत नसे. गप्प बसत असे. "वाजवली गो," तो म्हणाला. "सकालपासून सांजपर्यंत वाजवली. जमलीच नाय. बाजूला तू नवतीस. थाप पडायची ती मेल्यागत पडायची. मग कंटालून नंदकुमार बोल्ला, र्‍हाऊ दे जुनीच. कोनाला समजतंय?"

तर तेही त्यानं राखलं नव्हतं. नुसतं राहून गेलं होतं. भागीरथीला हसू आल्यासारखं झालं. जगातल्या साऱ्या नवरी मुलींना ऐकवायला हरकत नव्हती. सेक्टरातल्या त्या पोरीनं हळद माखून त्यावर खांदे उडवले तरी चालत होतं. एका पुतळाच्या कानावर मात्र ते पडायचं नव्हतं. म्हणजे त्यानं गिरजाबाईचं सांगणं विसरून हे केलं नव्हतं. पक्कं लक्षात ठेवून केलं होतं.

आणि तेवढ्यात आतून, सुपाच्या फटक्यांबरोबर, कोवळा आवाज आला. सासरचं कालवन अलनी, तू चव घेऊन जा. पुतळा तांदूळ पाखडत होती आणि गात होती, मन लावून, सवयीनं, 'अलनी'वर थोडं थांबून.

"ए पुतले, गप!" दत्तू एवढ्या जोरात ओरडला की मागचा बॉक्सवाला पुढे आला. पुतळा सूप हातात घेऊनच दारात आली. केसांवर कोंडा. "काय जालं, बाबा? तुमचीच ढोलकी हाय ना तिच्यान? नाक्यावर रोज वाजतंय." मग भागीरथीला पाहून हसली. "काकी, तुमी कवा आलाव? बघा ना, स्वतः वाजवतंत आनि मना गाऊ देत नाय."

दत्तूचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो उठून भागीरथीच्या जवळ आला आणि पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "वयनी, तिला काय म्हाईत नाय गो. काय नाय ना व्हनार? तू धवलारीन हायस. तू बोल्लीस त काय नाय व्हनार. बोल ना."

एका शब्दाचं काम होतं. तोही नको, आतून चिमूटभर मीठ मागायचं, पोरीवरून उतरायचं आणि चुलीत टाकायचं. तडतडलं की संपलं. गिरजाबाई असती तर तिनंही तेच केलं असतं. दारात पुतळा उभी होती, एका पायावर भार देऊन, जमुना उभी राहायची तशी. कुठलीही पोर तशी उभी राहते. भागीरथीचा हात उचललाही गेला. पण तो पदर डोक्यावर सारखा करून खाली आला.

"चल, येतंय मी," ती म्हणाली. "भाजी उन्हान हाय."

"वयनी..."

"लग्नाला येनार हाय ना? तवा बघू."

तिनं मागे पाहिलं नाही. मागे बराच वेळ सुपाचा आवाज आला नाही, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं. चार दिवस तो झोपणार नाही. पुतळा शिंकली तरी दचकेल. बोहल्यावर पोरीच्या कपाळाला घाम आला तरी तो आपल्याकडेच बघेल. लग्नाच्या दिवशी आपण मीठ उतरून टाकू, नक्की टाकू, असं तिनं हमरस्त्याशी येईतो ठरवलं. पण त्याला सांगायला परत फिरावं असं पायांना वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या वाटेनं काही न गुणगुणता चालली.

टोपली जागेवर होती, मेथीनं माना टाकल्या होत्या. शहाळेवाल्यानं पाणी मारलं होतं म्हणे. ती बसली, जुड्या सारख्या केल्या. मांडवातली जेवणं उरकली होती आणि बायका पुन्हा जमत होत्या. पहिल्या मजल्यावरची ती चष्मेवाली बाई, रोज घासाघीस करणारी, पिशवी घेऊन आली.

"मावशी, कुठे गायब झाला होतात? किती टेन्शन दिलंत. मला वाटलं, आज मेथी नाहीच."

"घरचंच काम निघालं, बाय."

आत कॅसेट बदलली. खरखर झाली. ढोलकी आली.

"आलं बघा तुमचं गाणं!" ती बाई म्हणाली. "तुमच्याच लोकांचं ना हे? आमच्या सोसायटीत सगळ्यांना वेड लागलंय. काय गोड आवाज आहे मुलीचा! कुणी लिहिलंय हो?"

"लग्नाचं गानं हाय, बाय," भागीरथी म्हणाली. "कोनाचं काय?"

"तेही खरंच. बरं, मेथी कशी दिली?"

"थांब जरा."

"अहो, भाव तर सांगा."

"जरा थांब गो बाय," भागीरथी म्हणाली आणि बॉक्सच्या दिशेनं मान थोडी कलती केली. बाईनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पहिली ओळ गेली. दत्तूची थाप घसरली, सावरली. वर ती साखरेची मुलगी 'नवरी' म्हणाली. खाली, दाराआडून, तिचं नाव आलं. 'जमुना'. मग बायकांनी टाळ्या धरल्या आणि काही ऐकू येईनासं झालं. भागीरथीनं एक जुडी उचलली, पाणी झटकलं आणि भाव सांगितला.